उतरायची परीक्षा

माझं दुकान जिन्याच्या अगदी पोटात आहे. कपडे सैल करणं, घट्ट करणं, चेन बदलणं, पँटी आखूड करणं, एवढंच माझं काम. नवीन काही मी शिवत नाही. डोक्यावरून जिना जात असल्यामुळे माणूस दिसायच्या आधी मला त्याचे पाय ऐकू येतात. तिसऱ्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर चपला ओढत उतरतात. पोस्टमन एक पायरी गाळून एक. आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणजे टक्, टक्, टक्, टक्. वय एकाहत्तर, पण त्यांच्या पावलांवर घड्याळ लावून घ्यावं.

त्या शनिवारी सकाळी हा ठेका बिघडला. एक पाऊल वाजलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग त्याच पायरीवर दुसरं पाऊल आणि पाठोपाठ बारीकसं "हं". पुन्हा शांतता. मी मशीन थांबवलं आणि बाहेर येऊन वर पाहिलं. बाई उतरत होत्या, पण पाठमोऱ्या. शिडीवरून उतरतात तशा, दोन्ही हातांनी कठडा धरून.

"बाई, वर काही विसरलंय का?"

"नाही."

"मग तोंड तिकडे का?"

"मला वरचं बघत उतरायचंय. तुझी काही हरकत?"

माझी हरकत असून चालणार नव्हतं. बाई चौतीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवत होत्या. मी सहावी ते दहावी त्यांच्या तावडीत होते. तेव्हा मी इतकी बारीक होते की त्यांनी माझं नाव 'काडी' ठेवलं. आज मला माझ्याच दुकानात टेबल आणि भिंतीच्या मधून आडवं होऊन जावं लागतं, तरी त्यांच्यासाठी मी काडीच.

दुकानात आल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाच्या स्टुलाकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने आम्ही मुली लांब उडीच्या खड्ड्याकडे पाहायचो.

"बसा ना."

"उभीच बरी आहे."

"काल काय केलंत?"

"तयारी," बाई म्हणाल्या आणि कापायच्या टेबलाला हळूच टेकल्या.

कसली तयारी ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता, बाईंची परीक्षा होती आणि परीक्षक होता त्यांचा मुलगा.

मुलाचं घरातलं नाव चिमण. आता शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि दारातून आत येतो तेव्हा दुकानात उजेड कमी होतो, पण नाव चिमणच. तो लिफ्ट तपासनीस आहे. गावभरच्या इमारतींत जातो, लिफ्टमध्ये वजनं ठेवून ती वरखाली करतो, दोर बघतो, ब्रेक बघतो आणि कागदावर बरोबरच्या नाहीतर चुकीच्या खुणा करतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. कधी बसवताही येणार नाही, त्याने दोनदा मापं घेऊन पाहिली आहेत. शहरातल्या सगळ्या आया सुखरूप वर पोचाव्यात म्हणून धडपडणाऱ्या माणसाची स्वतःची आई रोज अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढते, हे त्याला कित्येक वर्षं सलत होतं.

गेल्या महिन्यात तो न सांगता आला, तेव्हा बाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलेल्या सापडल्या. 'मी बुटाची नाडी बांधत होते,' असं बाईंचं म्हणणं. बुटाला नाडी नव्हती, असं त्याचं.

त्याच दिवशी त्याने जाहीर केलं की आईने आता त्याच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत राहायला यावं. खोली चांगली आहे, मी पाहिली आहे. नवा रंग आहे, शेजारी वॉशिंग मशीन आहे, खिडकी उघडली की गॅरेजचं शटर आहे. बाईंच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून मात्र शाळेचं अख्खं मैदान दिसतं. रोज सकाळी नऊला मुलं कवायतीला उभी राहतात, आणि रांग वाकडी दिसली की बाई वरून शिट्टी मारतात. एकच, आखूड. मुलं ताबडतोब सरळ होतात. शिट्टी कुठून येते हे नव्या सरांना दोन वर्षांत कळलेलं नाही. मुलांना कळलं आहे, पण ती फितूर होत नाहीत.

तेव्हा बाई मुलाला म्हणाल्या होत्या, "मी जिना चढू शकत नाही, हे तू ठरवणार कोण? परीक्षा घे."

चिमणने लगेच ऑफिसातला फॉर्म काढला, वरचं 'लिफ्ट' खोडलं आणि तिथे 'आई' लिहिलं. दारापासून सुरुवात. चार मजले खाली, चार मजले वर, असं दोनदा. दोन्ही हातांत मिळून चार किलो भार. कठड्याला हात लावायचा नाही. कुठेही दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पास झाल्या तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नापास झाल्या तर महिनाअखेरीस सामान हलवायचं. दोघांनी सह्या केल्या. बाईंनी तर सहीखाली तारीखही घातली.

"तयारी म्हणजे नेमकं काय केलंत?" मी विचारलं.

"सोळा वेळा जिना. पाण्याच्या बाटल्या घेऊन. मग उठाबशा."

"किती?"

"शंभर."

"एका दमात?"

"चार दमांत. म्हातारी झाले आता." बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "काल झोपेपर्यंत काही नव्हतं गं. सकाळी उठले तर मांड्या कुणा दुसऱ्याच्याच आणून लावल्यासारख्या. चढायला फारसं काही नाही. उतरायला गेलं की पाय सरळ राजीनामा देतात."

माझ्याकडे एक फिजिओथेरपिस्ट मुलगी पँटी आखूड करायला येते. तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"उतरताना जास्त दुखतंय ना?" ती म्हणाली. "तेच ते. चढताना स्नायू आखडतात, उतरताना ते ताणले जाता जाता भार पेलतात. त्यात जास्त दमतात. घाबरायचं काही नाही, तीन-चार दिवसांत आपोआप जातं. कधी केलं होतं?"

"काल. शुक्रवारी."

"मग आज काहीच नाही. खरं दुखतं ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे उद्या."

उद्या रविवार होता.

"उद्या किती वाजता?" बाईंनी विचारलं.

"असं वेळापत्रक नसतं हो, आजी."

'आजी' ऐकून बाईंची मान ताठ झाली. "उपाय सांग."

"खास असा काही नाही. एका जागी बसून राहू नका, हळूहळू चालत राहा. शेकलंत तर बरं वाटेल. नीट जेवा, भरपूर झोपा. जोर लावून ताण देऊ नका. आणि हो, सूज आली किंवा लघवीला चहासारखा रंग दिसला, तर मात्र तडक दवाखान्यात या."

"माझ्या चहासारखा की हिच्या? हिचा चहा पाण्याच्याच रंगाचा असतो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सांगून टाका चिमणला. आठवडाभर पुढे ढकल म्हणावं."

"म्हणजे तो फॉर्मवर लिहील, जिना चढून आई आजारी पडली. संपलंच मग." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या खिडकीतून फक्त सायकली दिसतात. "गॅरेजचं शटर किती वाजता उघडतं गं तिथे?"

"मला काय माहीत."

"सातला. मी विचारून ठेवलंय."

एवढंच बोलल्या, पण चेष्टेचा सूर नव्हता.

मग आम्ही त्यांना कामाला लावलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी इस्त्री. फ्लॅनेलचे तुकडे इस्त्रीने गरम करायचे, गाऊनवरून मांड्यांना लपेटायचे, निवले की पुढचे. दर अर्ध्या तासाने कापायच्या टेबलाभोवती दहा फेऱ्या. गिऱ्हाइकं येत होती. कोणी विचारलं तर मी सांगायची, बाई टेबलाचं माप घेतायत. तिसऱ्या मजल्यावरचे सर बटण लावायला आले आणि बाईंच्या मागून उगाच दोन फेऱ्या मारून गेले. त्यांना वाटलं, रांग आहे.

दुपारी सहाव्या खेपेला बाई टेबलाच्या कोपऱ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "पुरे. आता नाही जमत. पाय दुखतायत."

हे वाक्य म्हणायची संधी मला चाळीस वर्षांनी मिळत होती. मी दोरा तोडला, चष्मा वर केला आणि म्हटलं, "सोंग करू नका, बाई."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी सातवीत होते. उशिरा आले म्हणून बाईंनी दोनशे उठाबशा काढायला लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला बाकावरून उठता येईना. शाळेचा जिना मी बसून बसून उतरले, एकेका पायरीवर आपटत, आणि वर्गातल्या पोरी मागून आपटण्याचा ठेका धरत होत्या. मैदानावर बाईंना सांगितलं, पाय दुखतात. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, सोंग करू नकोस. आणि मैदानाला दोन फेऱ्या.

"तू होतीस का ती?" बाई म्हणाल्या.

"मी होते."

"मला वाटायचं, काल करता आलं ते आज का येऊ नये? काल तर उड्या मारत होतात. आज लगेच लंगडता म्हणजे नाटक." त्या स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होत्या, जणू गुडघ्यांनीच चुगली केली होती. "आणि मला स्वतःला कधी काही झालं नाही गं. रोज करायचे ना. रोज करणाऱ्याला कळतच नाही." मग जरा वेळाने, "किती दिवस दुखलं होतं तुला?"

"चार."

बाईंनी माझ्या डब्यातला निळा खडू उचलला. कापडावर खुणा करायचा, चपटा. टेबलावर काळं कापड ताणलेलं असतं, त्याच्या कोपऱ्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'काडी. चार दिवस रजा. मंजूर.' खाली सही.

"उशीर झालाय जरा," त्या म्हणाल्या. "पण नोंद असावी."

मी इस्त्री गरम करायला वळले. इस्त्री आधीच गरम होती.

मागे वळून पाहते तर बाई खडूकडे टक लावून बघत होत्या. कापडावर पुसला तरी त्यांच्या बोटांवरचा निळा रंग जात नव्हता. मग त्यांनी खिशातली फॉर्मची प्रत काढली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. डोळ्यांत तीच चमक आली, जी स्नेहसंमेलनाच्या शर्यतींच्या आदल्या दिवशी यायची, दुसऱ्या शाळेच्या बाई मैदान बघायला आल्या की.

"काडी, माझ्या शाळेत एक नियम होता. आठवतोय?"

"बोटं नाकात घालायची नाहीत."

"दुसरा."

"जे स्वतः करून दाखवता येत नाही, ते मुलींना करायला सांगायचं नाही."

हे मात्र खरं होतं. बाईंनी आम्हाला जे जे करायला लावलं, ते आधी स्वतः करून दाखवलं होतं. माझ्या त्या दोनशे उठाबशांतल्या पहिल्या पन्नास त्यांनी माझ्याबरोबर काढल्या होत्या, साडीचा पदर खोचून, एकही शब्द न बोलता.

"असे खडू किती आहेत तुझ्याकडे?" बाईंनी विचारलं.

रविवारी साडेदहाला मी चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत कठड्यावर निळा खडू घासत आले. अख्खी पेटी संपली. अकराला पाच कमी असताना चिमण आला. हातात फॉर्म, खिशात बॅटरी. भर दिवसा बॅटरी कशाला, हे विचारायचं नसतं, ती त्याच्या हाताचाच भाग आहे. मीही साक्षीदार म्हणून त्याच्यामागून वर गेले.

बाई दारात उभ्या होत्या. पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्या कशा उभ्या होत्या ते मलाच दिसत होतं. उजव्या खांद्याने चौकटीला टेकून, गुडघे न वाकवता, इस्त्री केलेल्या कपड्यासारख्या.

"झालीस का तयार, आई?"

"मी तयार आहे. तू आहेस का?"

"मी कशाला?"

"लिफ्ट तपासताना तू आधी काय करतोस?"

"रिकामी तीन-चार वेळा फिरवतो. मग भार."

"आत कोण असतं?"

"मीच असतो."

"म्हणजे आधी स्वतः बसून बघतोस आणि मग लोकांना बसवतोस. बरोबर आहे. मी तुला तसंच शिकवलं." बाईंनी पायाशी ठेवलेल्या चार बाटल्या त्याच्याकडे सरकवल्या, पायाने, वाकल्याशिवाय. "मग ही परीक्षा करता येण्यासारखी आहे, हे आधी करून दाखव. नाहीतर माझ्यासारख्या बाईला चार किलो घेऊन दोनदा खाली पाठवतोस, हे मी सूनबाईला फोन करून सांगेन."

चिमण हसला. त्याने बाटल्या उचलल्या. शेहेचाळीसाव्या वर्षीसुद्धा आईच्या शिट्टीनंतर माणूस विचार करत नाही, चालायला लागतो.

पहिली खेप बरी झाली. खाली गेला, वर आला, थोडा धापा टाकत. बाईंनी त्याचा तळवा उलटा करून पाहिला. निळा.

"कठड्याला हात लागला. पुन्हा पहिल्यापासून."

"हे काय लावलंय कठड्याला?"

"तपासणीचं साधन," मी म्हटलं. "तुझ्याकडे बॅटरी आहे, आमच्याकडे खडू."

दुसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या सरांशी बोलत अकरा सेकंद थांबला. सरांनीच मोजले, आणि वर येऊन सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला परत निळा तळवा. चौथ्या खेपेला त्याला स्वतःलाच चीड आली आणि तो इरेला पेटला. लिफ्टच्या माणसाला दोर तुटला तरी चालेल, पण फॉर्मवर चुकीची खूण नको. पाचव्या खेपेला बाई म्हणाल्या, "गुडघे वर. तू उतरत नाहीस, घरंगळतोयस." तो गुडघे वर करून उतरला. सहाव्या खेपेला तिसऱ्या मजल्यावर कापड फाटल्याचा आवाज आला. पँटची मागची शिवण. मी शिवलेली नव्हती, एवढं इथे नमूद करते.

सातव्या खेपेला तो सगळे नियम पाळून दोनदा जाऊन आला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, पण चेहरा पेपर चांगला गेलेल्या पोरासारखा.

"आई, तू बस ना जरा. दोन तास उभी आहेस."

"परीक्षा चालू असताना मी बसत नाही."

हे ऐकून मला आत जाऊन पाणी प्यावं लागलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सूनबाई. त्याच्या सासऱ्यांकडे जेवायला एक वाजता पोचायचं होतं आणि आता एक वाजून दहा झाले होते, शिवाय पँट उसवलेली. मी त्याला दुकानात नेऊन पडद्यामागे उभं केलं आणि घाईघाईने दोन ओळी मारून दिल्या. जाताना तो वर बघत ओरडला, "आई, तुझी मंगळवारी घेतो. मी इकडेच कामाला आहे."

"मंगळवार म्हणजे मंगळवार," वरून उत्तर आलं.

तो गेल्यावर मी चौथ्या मजल्यावर धावले. बाई अजून चौकटीला टेकलेल्या होत्या.

"गेला?"

"गेला."

"मग मला आत ने. पाय माझे राहिलेले नाहीत."

त्या रविवारी आणि सोमवारी आम्ही अगदी आज्ञाधारकपणे वागलो. फेऱ्या, फ्लॅनेल, दोन दोन अंडी, दुपारची झोप. सोमवारी संध्याकाळी बाई माझ्या स्टुलावर हात न टेकता बसल्या आणि हात न टेकता उठल्या. मग पुन्हा बसल्या, केवळ चैन म्हणून.

"चिमणला फोन करून विचारू का कसं काय ते?" मी म्हटलं.

"नको," बाई म्हणाल्या. "त्याला वाटतंय, कालपर्यंत काही नव्हतं, आज जरा आखडलंय, उद्या जाईल. वाटू दे. मलाही तसंच वाटलं होतं."

मंगळवारी सकाळी मला जिन्यावर त्याचे पाय ऐकू आले. चढत होता, ठीकच, जरा जड. बाईंच्या दारापासून सुरुवात करायची, असं त्यानेच लिहिलं होतं, तेव्हा वर जाणं भाग होतं. मी खाली दारात उभी राहिले. कठड्यावरचा खडू मी पुन्हा ताजा केला होता. दोन दिवस जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांचे हात निळे होत होते आणि सगळ्यांना वाटत होतं, दुसऱ्या कुणामुळे.

मग टक्, टक्, टक्, टक्.

चौकटीला हात टेकून मी नुसती ऐकत राहिले. बाई खाली आल्या, दोन्ही हातांत बाटल्या, कपाळावर बारीक घाम. बाटल्या काखेत धरून मला तळवे दाखवले. कोरे. वळल्या आणि वर गेल्या. पुन्हा खाली, पुन्हा वर. दुसऱ्या खेपेला ठेका थोडा मंदावला, पण बाई थांबल्या नाहीत. दहा काय, पाच सेकंदही नाही.

वर काहीतरी बोलणं झालं. मग बाईंचा आवाज आला, "चल, खाली जाऊन सही कर. साक्षीदार खाली आहे."

यानंतर जे ऐकू आलं ते मला ओळखीचं होतं. एक पाऊल. बराच वेळ काही नाही. त्याच पायरीवर दुसरं पाऊल. "आई गं."

मी जिन्यात येऊन वर पाहिलं. चिमण उतरत होता, पाठमोरा. शंभर किलोचा माणूस, दोन्ही हातांनी कठडा कवटाळून, एकेका पायरीचा अंदाज घेत. त्याच्या खाली एक पायरी बाई होत्या, एक हात त्याच्या पाठीवर.

"परवापर्यंत ठीक होतं," तो म्हणत होता. "आज सकाळपासून... पायच धरत नाहीयेत. काल ऑफिसात मी तीनदा खुर्चीत पडलो. बसलो नाही, पडलो."

बाईंनी तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवर आलेलं मला खालून स्पष्ट दिसलं. 'सों'. चौतीस वर्षांची सवय. मग त्यांनी कठड्यावरून वाकून माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"दुखतंय ना फार?" त्या म्हणाल्या. "सावकाश. थांब हवं तेवढं. मी धरलंय."

अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांना त्यांना बावीस मिनिटं लागली. दुकानात आल्यावर त्याने स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तो टेबलाला टेकून उभा राहिला, अगदी त्याच जागी.

"तुम्हा दोघींना माहीत होतं," तो म्हणाला.

"मला शनिवारी कळलं," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी मीही केलं होतं. शंभर उठाबशांसकट."

त्याने बाईंच्या पायांकडे पाहिलं. मग हळूहळू सगळा रविवार त्याच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसला: चौकट, न वाकता सरकवलेल्या बाटल्या, परीक्षा चालू असताना मी बसत नाही.

"म्हणजे त्या दिवशी तू उतरूच शकली नसतीस."

"नसते."

"ही फसवणूक आहे, आई."

"आहे," बाई म्हणाल्या. "पण आज उतरले. आणि नाडी मी त्या दिवशी बांधत नव्हते. दमले होते, म्हणून बसले होते. दमलेलं माणूस बसतं, चिमण. मग उठतं. तेवढ्यावरून कुणाला वॉशिंग मशीनशेजारी नेऊन ठेवायचं नसतं." त्यांनी फॉर्म टेबलावर पसरला. "तुझ्या या कागदाप्रमाणे आज कोण नापास आहे बघ. दोन्ही हात कठड्याला, बावीस मिनिटं, आणि तेही बिनभाराचं. तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे म्हणे. नवा रंग आहे."

तो हसायला लागला आणि हसता हसता गुडघ्यात वाकला, वाकल्याबरोबर कळवळला, आणि कळवळत पुन्हा हसला. सही करताना फॉर्मवर इकडून तिकडे निळी बोटं उमटली. अजून तो कागद बाईंच्या फ्रिजला लावलेला आहे. 'शेरा' या रकान्यात त्याने लिहिलंय: 'वापरास योग्य. मधे मधे विश्रांतीस परवानगी.'

बाईंनी खडू घेतला आणि काळ्या कापडावर, माझ्या नावाच्या खाली, लिहिलं: 'चिमण. चार दिवस रजा. मंजूर.'

"मला गाडी चालवता येईल असं वाटत नाही," तो म्हणाला. "क्लच दाबायला..."

"मग वर चल. चढायला काही होत नाही. उतरायचं गुरुवारी बघू."

तो वर गेला. ऑफिसात काय सांगितलं ते माहीत नाही. सूनबाईने फोनवर बराच वेळ हसून घेतलं आणि संध्याकाळी त्याची दुसरी पँट पाठवून दिली, तिचीही शिवण पक्की करून ठेवा, अशा निरोपासकट.

बुधवारी सकाळी नऊला मी दुकानाचं कुलूप काढत होते. समोर मैदानावर मुलं उभी राहिली. डावीकडची रांग शेपटासारखी वळली होती. वरून शिट्टी आली, एकच, आखूड. रांग अर्धी सरळ झाली. मग दुसरी शिट्टी आली. ही जरा फुसकी होती, मधेच हवा गेल्यासारखी, पण मारणाऱ्याने मनापासून मारली होती.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उरलेली रांगही सरळ झाली. नवे सर गच्चीपासून झाडापर्यंत सगळीकडे शोधत होते. मी खाली मान घालून शटर वर केलं.